यंत्र थांबते, धोका थांबत नाही

२ डिसेंबर १९८४च्या रात्री भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातून विषारी वायू शहरावर पसरला. या दुर्घटनेचे स्मरण दर वर्षी होते. पण तिच्यातील एक साधी गोष्ट बहुधा विसरली जाते. त्या रात्री मिथाइल आयसोसायनेट तयार करणारा विभाग चालूच नव्हता. ऑक्टोबरच्या अखेरीस तो बंद करण्यात आला होता. उत्पादन थांबले होते, माणसे कमी केली गेली होती, खर्चाला कात्री लागली होती. आणि ६१० क्रमांकाच्या टाकीत सुमारे चाळीस टन रसायन तसेच पडून होते. हजारो माणसांचे प्राण घेतले ते या पडून राहिलेल्या साठ्याने.

पस्तीस वर्षांनंतर, ७ मे २०२० रोजी पहाटे, विशाखापट्टणमजवळच्या एका कारखान्यातून स्टायरीनची वाफ बाहेर पडली आणि बारा जण दगावले. तो कारखानाही बंद होता. करोनाच्या टाळेबंदीमुळे सहा आठवडे उत्पादन थांबले होते व ते पुन्हा सुरू करण्याची तयारी चालली होती. टाकीतील द्रवाचे तापमान वाढत गेले, त्याचे घनरूप होणे रोखणारे रसायन अपुरे पडले, आणि ज्या वस्तीचा त्या कारखान्याशी काहीही संबंध नव्हता ती वस्ती झोपेतच त्याच्या तडाख्यात सापडली.

या दोन घटनांमध्ये काळाचे व परिस्थितीचे मोठे अंतर आहे. तरी त्यांचा बोध एकच आहे. कारखाना पूर्ण वेगाने चालू असतानाच तो धोकादायक असतो, ही समजूत चुकीची आहे. रोजची चाकोरी मोडते तेव्हा धोका सर्वाधिक असतो. काम अचानक थांबते, अचानक सुरू होते, माल बदलतो, माणसे बदलतात, कोणता नियम लागू आहे याबद्दल संभ्रम असतो. अपघात नेमका अशाच फटीतून आत शिरतो. आजचा काळ हा अशा फटींचा काळ आहे. म्हणूनच कामगाराची सुरक्षा, त्याचे आरोग्य आणि कारखान्याभोवतालचे पर्यावरण या प्रश्नाकडे आज नव्याने पाहण्याची आवश्यकता आहे.

दूरचे युद्ध आणि शेजारचा कारखाना

गेल्या काही वर्षांत जगाच्या व्यापाराची घडी वारंवार विस्कटली. २०२०मध्ये महासाथ आली. फेब्रुवारी २०२२मध्ये रशिया-युक्रेन युद्ध पेटले व युरोपात वायूच्या किमती भडकल्या. जर्मनीतील बीएएसएफसारख्या बलाढ्य कंपनीने २०२३मध्ये लुडविग्सहाफेन येथील काही उत्पादन केंद्रे बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. नोव्हेंबर २०२३पासून तांबड्या समुद्रात हौथी बंडखोरांनी व्यापारी जहाजांवर हल्ले सुरू केले, आणि सुएझ कालव्याने जाणारी जहाजे आफ्रिकेला वळसा घालू लागली. ऑगस्ट २०२५मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरील आयातशुल्क ५० टक्क्यांपर्यंत नेले. या साऱ्या घडामोडींची चर्चा निर्यातीचे आकडे, रुपयाची किंमत, परराष्ट्रनीती या अंगांनी पुष्कळ झाली. तारापूर, महाड, कुरकुंभ किंवा लोटे परशुराम येथील एखाद्या शेडमध्ये रात्रपाळीला उभ्या असलेल्या कामगाराशी त्यांचा काय संबंध, याची चर्चा मात्र क्वचितच झाली. तो संबंध अगदी सरळ आहे.

नेहमीच्या पुरवठादाराकडून कच्चा माल येईनासा झाला की दुसरीकडून मागवावा लागतो. कागदावर दोन्ही मालांची शुद्धता सारखीच असते. पण उरलेल्या एक-दोन टक्क्यांत काय आहे, यावर रासायनिक प्रक्रियेत उष्णता किती निर्माण होईल हे पुष्कळदा अवलंबून असते. प्रयोगशाळेत नमुना न तपासता नवा माल थेट रिअ‍ॅक्टरमध्ये गेला, तर वर्षानुवर्षे सुरळीत चाललेली प्रक्रिया एका पाळीत हाताबाहेर जाऊ शकते.

जहाजे उशिरा येऊ लागली की व्यवस्थापन साठा वाढवते. पंधरा दिवसांच्या मालासाठी बांधलेल्या गोदामात दोन महिन्यांचा माल येतो. पिंपे मोकळ्या जागेत, आत-बाहेर जाण्याच्या वाटेवर, कधी परस्परांशी जुळत नसलेल्या रसायनांना लागून रचली जातात.

मागणी घटली की पहिली कुऱ्हाड देखभालीवर पडते. अनुभवी कायम कामगारांच्या जागी कंत्राटी माणसे येतात. मग अचानक ऑर्डर येते, मुदत थोडी असते, आणि तोच कारखाना, तीच थकलेली यंत्रे आणि ही नवी माणसे घेऊन जादा पाळ्यांत पळवला जातो. शुल्क वाढण्यापूर्वी माल बंदरातून सुटला पाहिजे, हा हिशोब मालकाच्या दृष्टीने चूक नसतो. परंतु रिअ‍ॅक्टरमधील दाबाला शुल्काची तारीख कळत नाही.

भोपाळमध्ये हेच घडले होते. ज्या कीटकनाशकासाठी हे रसायन बनवले जात होते त्याची विक्री अपेक्षेप्रमाणे होत नव्हती. कारखाना तोट्यात होता. रसायन थंड ठेवणारी शीतयंत्रणा जून १९८४मध्येच बंद करण्यात आली. बाहेर पडणारा वायू जाळून टाकणारा मनोरा दुरुस्तीसाठी जोडणीतून काढलेला होता. वायू धुऊन निष्प्रभ करणारी यंत्रणा तयार अवस्थेत नव्हती. टाकीत पाणी नेमके कसे शिरले, यावर पुढे बराच वाद झाला. त्या रात्री एकही संरक्षक यंत्रणा कामाची नव्हती, याविषयी मात्र वाद नाही. आणि हे सारे अचानक कोसळलेले संकट होते, असेही म्हणता येत नाही. १९८१मध्ये याच कारखान्यात वायुगळतीने एका कामगाराचा बळी घेतला होता. त्यानंतर राजकुमार केसवानी या तरुण पत्रकाराने १९८२मध्ये आपल्या ‘रपट’ या छोट्या साप्ताहिकातून भोपाळवासीयांना या धोक्याचा स्पष्ट इशारा दिला होता. छोट्या साप्ताहिकाचा तो आवाज तेव्हा कोणी मनावर घेतला नाही.

पडून राहिलेला साठा किती घातक ठरतो, याची उदाहरणे आपल्या देशापुरती मर्यादित नाहीत. २१ मार्च २०१९ रोजी चीनच्या जिआंग्सू प्रांतात शियांगश्वी येथे झालेल्या प्रचंड स्फोटात ७८ जण ठार झाले. दीर्घकाळ साठवून ठेवलेला रासायनिक कचरा आपोआप पेटल्याने तो स्फोट झाला. ४ ऑगस्ट २०२० रोजी बैरूत बंदरात जो स्फोट होऊन दोनशेहून अधिक माणसे मरण पावली, त्याच्या मुळाशी २,७५० टन अमोनियम नायट्रेट होते. एका अडकलेल्या जहाजावरून ते उतरवले होते आणि त्याचे काय करायचे याचा निर्णय न झाल्याने सुमारे सहा वर्षे गोदामात पडून होते. न्यायालय, सीमाशुल्क खाते आणि बंदर प्रशासन यांच्यात पत्रे फिरत राहिली. निर्णय लांबला की धोकाही लांबतो, असे नव्हे. तो मुक्कामाला राहतो.

नियमांचा लपंडाव

बाजार अस्थिर असतो, हे उद्योजक गृहीत धरतो. परंतु ज्याच्या आधाराने चालायचे तो कायदाही हलत असेल तर काय करायचे, हा त्याचा प्रश्न रास्त आहे आणि तो सहानुभूतीने ऐकला पाहिजे.

उदाहरण म्हणून कार्योत्तर पर्यावरण मंजुरीचा प्रश्न घेता येईल. आधी कारखाना उभारायचा आणि मंजुरी मागाहून घ्यायची, या प्रकाराला मुभा देणारी २०१७ची अधिसूचना व २०२१चे कार्यालयीन परिपत्रक सर्वोच्च न्यायालयाने १६ मे २०२५ रोजी बेकायदा ठरवले. अवघ्या सहा महिन्यांत, १८ नोव्हेंबर २०२५ रोजी, त्याच न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने दोन विरुद्ध एक अशा बहुमताने तो निकाल मागे घेतला. प्रामाणिकपणे आधी मंजुरी घेणाऱ्या उद्योजकाने यातून कोणता धडा घ्यावा? नियम पाळणाऱ्याला वेळ व पैसा मोजावा लागतो आणि न पाळणाऱ्याला पुढे कधीतरी दंड भरून सुटता येते, असा समज त्यातून रुजला तर तो उद्योगक्षेत्रासाठीही घातक आहे.

त्यानंतर तीनच दिवसांनी, २१ नोव्हेंबर २०२५ रोजी, केंद्र सरकारने चार कामगार संहिता लागू केल्या. त्यांतील व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने तेरा जुने कायदे एकत्र केले. १९४८चा कारखाने कायदाही तीत विलीन झाला. विखुरलेल्या कायद्यांचे सुसूत्रीकरण ही गरज होतीच. कामगारांची वार्षिक आरोग्य तपासणी, नेमणूकपत्र, धोका दिसल्यास तो वरिष्ठांच्या व निरीक्षकाच्या नजरेस आणण्याचा प्रत्येक कर्मचाऱ्याचा अधिकार या त्यातील तरतुदी स्वागतार्ह आहेत. परंतु काही तरतुदींचा विचार थांबून केला पाहिजे. विजेवर चालणाऱ्या कारखान्याची व्याख्या केंद्राच्या मूळ कायद्यात दहा कामगारांपासून सुरू होत होती, ती आता वीसपासून सुरू होते. धोकादायक कामांबाबत सरकार अधिसूचनेद्वारे एका कामगाराच्या आस्थापनेलाही संहिता लागू करू शकते, हे खरे. पण ते अधिसूचनेवर अवलंबून आहे. धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी नेमण्याची सक्ती २५० कामगारांपासून आहे. आपल्या औद्योगिक वसाहतींतील किती तरी रासायनिक कारखाने तीस-चाळीस माणसांवर चालतात. रसायनाची ताकद हजेरीपटावरील नावांच्या संख्येने ठरत नाही. पन्नास जणांच्या कारखान्यातील एक टाकी पाच हजारांच्या वस्तीला पुरेशी असते.

नियमांचा हा लपंडाव केवळ भारतात चालतो असेही नाही. निसर्गात व शरीरात विघटन न होता साचून राहणाऱ्या पीएफएएस या रसायनगटातील काही घटकांसाठी अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने एप्रिल २०२४मध्ये पिण्याच्या पाण्यातील मर्यादा निश्चित केल्या. सत्तांतरानंतर, मे २०२५मध्ये, त्याच संस्थेने दोन घटकांच्या मर्यादा ठेवून उरलेल्यांचा फेरविचार करण्याचा आणि पालनाची मुदत २०२९वरून २०३१पर्यंत वाढवण्याचा मनोदय जाहीर केला. वर्षभरात त्या रसायनाचा गुणधर्म बदलला नव्हता. बदलले होते ते सरकार.

व्हिचेन्झाहून लोटेपर्यंत

या रसायनांची एक कहाणी थेट कोकणात येऊन पोहोचते. इटलीत व्हिचेन्झा प्रांतातील त्रिस्सिनो येथे मितेनी नावाच्या कारखान्यात अनेक दशके पीएफएएस गटातील रसायने तयार होत होती. तेथील भूजल दूषित झाल्याचे २०१३मध्ये उघड झाले. तीन लाखांहून अधिक लोकवस्तीच्या प्रदेशावर त्याचा परिणाम झाला होता. २०१८मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. जून २०२५मध्ये तेथील न्यायालयाने कंपनीशी संबंधित अकरा जणांना दोषी ठरवून तुरुंगवासाच्या शिक्षा सुनावल्या. मधल्या काळात, २०१९मध्ये, त्या कारखान्याची यंत्रसामग्री लिलावात एका भारतीय उद्योगसमूहाने विकत घेतली होती. ती जहाजांतून रत्नागिरी जिल्ह्यातील लोटे परशुराम येथे आली.

जुनी यंत्रे विकत घेणे हा काही गुन्हा नव्हे. एकाच यंत्राचा वापर एका ठिकाणी बेजबाबदारपणे आणि दुसऱ्या ठिकाणी पूर्ण काळजीने होऊ शकतो. म्हणून यंत्रे आली त्याअर्थी प्रदूषणही आलेच, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. प्रश्न वेगळा आहे. यंत्र लिलावात मिळते. त्या यंत्राने एका प्रदेशाचे काय केले याचा अनुभव लिलावात मिळत नाही. तो अनुभव मागून घ्यावा लागतो. इटलीत कामगारांच्या रक्ततपासण्या झाल्या, विहिरींचे पाणी तपासले गेले, न्यायालयात साक्षी झाल्या. ही माहिती महाराष्ट्राच्या औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाने आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाने मिळवावी, लोट्याच्या आसपासच्या पाण्याची आजची स्थिती नोंदवून ठेवावी व ती गावकऱ्यांना मराठीत कळवावी, ही अपेक्षा अवाजवी नाही. दाभोळ खाडीतील मच्छीमार लोट्याच्या सांडपाण्याबद्दल वर्षानुवर्षे तक्रार करत आले आहेत. तेथे विश्वास आधीच क्षीण आहे.

चीनला पर्याय म्हणून जग भारताकडे पाहते आहे, याचा अभिमान बाळगायला हरकत नाही. देशात कारखाने आले पाहिजेत, तरुणांच्या हाताला काम मिळाले पाहिजे, औषधे व रसायने यांबाबत परावलंबन संपले पाहिजे. पण या संधीचा एक भाग कसा निर्माण झाला, हेही लक्षात ठेवावे लागेल. शियांगश्वीच्या स्फोटानंतर तेथील प्रशासनाने ती संपूर्ण औद्योगिक वसाहतच बंद करण्याचा निर्णय घेतला. चीनमधील अनेक रासायनिक कारखान्यांवर निर्बंध आले, आणि तेथे थांबलेल्या मालाची मागणी भारतीय उत्पादकांकडे वळली. म्हणजे ज्या धोक्याने तेथील वसाहत बंद पाडली, तोच धोका घेऊन हे काम आपल्याकडे येते. ते घेताना तोच शेवट टाळण्याची तजवीज आपण केली आहे का?

डोंबिवलीचे उत्तर

या प्रश्नाचे उत्तर डोंबिवलीकर देऊ शकतील. २६ मे २०१६ रोजी तेथील औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात स्फोट झाला. दहाहून अधिक माणसे गेली, शेकडो घरांच्या काचा फुटल्या. चौकशी झाली, आश्वासने मिळाली. आठ वर्षांनी, २३ मे २०२४ रोजी, त्याच वसाहतीत दुसऱ्या एका रासायनिक कारखान्यात पुन्हा स्फोट झाला. पुन्हा दहाहून अधिक बळी, पुन्हा साठहून अधिक जखमी. दोन्ही वेळी मे महिन्याचा अखेर, दोन्ही वेळी दिवसाढवळ्या, दोन्ही वेळी तीच धावपळ. दुसऱ्या वेळी प्रारंभी ‘बॉयलरचा स्फोट’ अशी बातमी पसरली. पुढे तो रिअ‍ॅक्टरचा असल्याचे स्पष्ट झाले. हा फरक शब्दांचा नाही. बॉयलरसाठी या देशात १९२३पासून स्वतंत्र कायदा व स्वतंत्र तपासणी आहे. २०२५मध्ये संसदेने त्या जुन्या कायद्याच्या जागी नवा कायदाही केला. रिअ‍ॅक्टर त्या कायद्याच्या कक्षेत येत नाही. त्याच्या आत काय आणि कोणत्या तापमानाला शिजते आहे, हे ज्याला कळते असा माणूस तपासणीला येईल याची खात्री नसते.

धोकादायक कारखाने डोंबिवलीतून हलवण्याची भाषा प्रत्येक अपघातानंतर होते. त्यातून एक विचित्र परिस्थिती निर्माण होते. आज ना उद्या हलावेच लागणार म्हणून मालक नव्या यंत्रणेवर खर्च करत नाही, आणि हलण्याचा निर्णय तर अमलात येत नाही. अनिश्चिततेत अडकलेला कारखाना सर्वांत धोकादायक असतो, याचे याहून ठळक उदाहरण शोधण्याची गरज नाही.

३० जून २०२५ रोजी तेलंगणातील पाशमैलारम येथे औषधांना लागणारी सेल्युलोजची भुकटी तयार करणाऱ्या कारखान्यात स्फोट होऊन चाळीसहून अधिक कामगार मृत्युमुखी पडले. त्यांतील बरेच जण बिहार, ओडिशा, उत्तर प्रदेशातून पोटासाठी आलेले होते. सेल्युलोज हे विष नव्हे. गोळ्यांत घालून ते आपण गिळतो. पण बारीक भुकटी हवेत तरंगत असेल आणि तिला ठिणगी मिळाली, तर तिचाही स्फोट होतो. हे ज्ञान नवे नाही. ते यंत्रापाशी उभ्या असलेल्या माणसापर्यंत, त्याला समजणाऱ्या भाषेत पोहोचले पाहिजे, इतकेच.

सुरक्षेवर जादा खर्च केला तर जागतिक स्पर्धेत माल महाग पडेल, असा युक्तिवाद नेहमी केला जातो. तपासनीसांच्या जाचाची तक्रारही होते आणि ती सर्वस्वी खोटी नाही. पण हिशोब पूर्ण मांडला पाहिजे. भोपाळनंतर देशात कायद्यांची रांग लागली. १९८६चा पर्यावरण संरक्षण कायदा, कारखाने कायद्यातील १९८७ची दुरुस्ती, घातक रसायनांविषयीचे १९८९चे नियम, १९९१चा सार्वजनिक दायित्व विमा कायदा ही सारी त्याचीच अपत्ये. डिसेंबर १९८५मध्ये दिल्लीतील वायुगळतीनंतर सर्वोच्च न्यायालयाने धोकादायक उद्योगावर निरपवाद दायित्वाचे तत्त्व लादले. तेव्हा उद्योगजगताला ज्या नियमांच्या बदलांची भीती वाटते, त्यांतील बहुतेक बदल अपघातांनीच घडवून आणले आहेत. कायदा स्थिर हवा असेल तर अपघात थांबले पाहिजेत. भोपाळच्या कारखान्यातील ३३७ टन विषारी कचरा पीथमपूरला नेऊन जाळण्यासाठी २०२५ साल उजाडावे लागले. चाळीस वर्षे चाललेल्या या खर्चाच्या तुलनेत एका शीतयंत्रणेचे वीजबिल किती असते?

दारूखान्याची शिस्त

अस्थिर काळात काटेकोर कसे राहायचे, याचा एक वस्तुपाठ मराठी परंपरेत आहे. रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातले. औरंगजेबाच्या आक्रमणाची दीर्घ धामधूम नुकतीच सरली होती, छत्रपतींच्या घराण्यात दोन गाद्या झाल्या होत्या, उद्या कोणाचा अंमल असेल हे सांगता येत नव्हते. अशा वेळी अमात्यांनी गडावरील दारूखान्याबद्दल नियम घालून दिले. दारूखाना घरांच्या जवळ असू नये, तो वस्तीपासून अंतरावर बांधावा, दारूला ओल लागू देऊ नये, ठरावीक दिवसांनी हवालदाराने ती बाहेर काढून उन्हात वाळवून पुन्हा बंदोबस्ताने ठेवावी, असा त्यांचा आशय आहे. राज्याची घडी बदलेल म्हणून दारूखान्याची तपासणी पुढे ढकला, असे अमात्य म्हणत नाहीत. राज्य अस्थिर आहे म्हणूनच दारूखाना नीट हवा, हे त्यांना कळत होते. वस्तीपासून अंतर, साठ्याची निगा, नियमित पाहणी आणि नेमून दिलेला जबाबदार माणूस ही औद्योगिक सुरक्षेची चारही सूत्रे त्या आज्ञेत आहेत. डोंबिवलीत नेमके पहिलेच सूत्र मोडले गेले.

आज काय करता येईल? काही गोष्टींसाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

पहिली गोष्ट, बदलाची नोंद. कच्चा माल, पुरवठादार, पाळीची वेळ, यंत्राचा भाग किंवा कंत्राटदार यांपैकी काहीही बदलले, तर काम सुरू करण्यापूर्वी जाणकाराने लेखी मान्यता द्यावी. मोठ्या कंपन्यांत ही पद्धत आहे. लहान कारखान्यांत एक वही व एक जबाबदार स्वाक्षरी पुरेशी आहे.

दुसरी, पुन्हा सुरू होण्याची शिस्त. विशाखापट्टणमच्या दुर्घटनेनंतर दोनच दिवसांनी राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने सूचना काढल्या. कारखाना पुन्हा सुरू करताना पहिला आठवडा चाचणीचा समजावा व उत्पादनाची मोठी उद्दिष्टे ठेवू नयेत, असे त्यांत सांगितले होते. टाळेबंदी सरली, पण ही सूचना जुनी झालेली नाही. ऑर्डरअभावी महिनाभर थांबलेल्या प्रत्येक कारखान्याला ती लागू पडते.

तिसरी, सामायिक सुरक्षा अधिकारी. ज्या लहान कारखान्याला एकट्याने जाणकार माणूस परवडत नाही, अशा दहा-बारा कारखान्यांनी मिळून तो नेमावा. आग लागल्यास एकमेकांना मदत करणारे परस्पर साहाय्य गट आपल्या काही औद्योगिक पट्ट्यांत आहेतच. तोच सहकार आग लागण्यापूर्वी दाखवता येईल. सहकाराची भूमी म्हणवणाऱ्या महाराष्ट्राला हे अवघड वाटू नये.

चौथी, थोडक्यात टळलेल्या अपघातांची नोंद. झडप अडकली पण वेळेवर सुटली, नळी फुटली पण कोणी जवळ नव्हते, अशा घटना दडवण्याकडे कल असतो. सांगणाऱ्याला शिक्षा होणार नाही, ही हमी मालकाने दिली तरच त्या वर येतील.

पाचवी गोष्ट शासनाची आहे. कामगार हा समवर्ती सूचीतील विषय असल्याने नव्या संहितेचा प्रत्यक्ष अर्थ राज्यांच्या नियमांतून व अधिसूचनांतून ठरणार आहे. धोकादायक प्रक्रियेच्या लहान कारखान्यांना कामगारसंख्येच्या सवलतीत दडू न देणारी अधिसूचना महाराष्ट्राने काढावी, आणि रसायन समजणारे निरीक्षक पुरेशा संख्येने नेमावेत.

दसऱ्याला आपल्या कारखान्यांतून यंत्रांची पूजा होते. झेंडूचे तोरण लागते, यंत्रावर हळद-कुंकू वाहिले जाते, त्या दिवशी यंत्राला विश्रांती असते. ही प्रथा सुंदर आहे. ज्याच्या जिवावर पोट भरते त्याच्याविषयीची कृतज्ञता तीत आहे. त्याच दिवशी हार घालण्यापूर्वी मालक, अभियंता आणि कामगार यांनी मिळून प्रत्येक झडप हाताने फिरवून पाहिली, तापमापकाचा काटा खरा आहे ना हे तपासले, बंद टाकीत काय उरले आहे हे वहीत लिहिले, तर त्या पूजेला पूर्णता येईल. दूरदेशीचे युद्ध कधी थांबेल, शुल्क किती राहील, पुढचा निकाल काय लागेल हे त्या तिघांच्या हाती नाही. झडप त्यांच्या हाती आहे. रात्रपाळीला गेलेला माणूस सकाळी घरी परतेल की नाही, हे तिच्यावर ठरते.